मैत्रीचा तह आणि जमिनीची यादी

शेजारी राष्ट्रांच्या संबंधांवर बोलायचे म्हटले की आपल्या वक्तृत्वस्पर्धांतून काही शब्द हमखास ऐकू येतात. बंधुभाव, सामंजस्य, सहकार्य, शांततामय सहजीवन. टाळ्याही त्यांनाच पडतात. हे शब्द वाईट आहेत असे मी म्हणत नाही. परंतु दोन देशांतला करार चांगला की वाईट हे त्याच्या पहिल्या पानावरच्या अशा शब्दांवरून ठरवू नये, असे माझे मत आहे. कराराच्या शेवटी ज्या रुक्ष याद्या जोडलेल्या असतात त्या पाहाव्यात, आणि त्या याद्यांतली जमीन, पाणी, माणसे प्रत्यक्षात केव्हा ठिकाणी लागली ते पाहावे. हे मत मी भारत आणि बांगलादेश यांच्यातल्या दोन करारांच्या आधारे मांडणार आहे. राज्यशास्त्राच्या पुस्तकात या दोन्ही करारांना मिळून जेमतेम अर्धे पान आहे.

पहिला करार १९ मार्च १९७२ चा. बांगलादेश जन्माला येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. इंदिरा गांधी ढाक्याला गेल्या आणि त्यांनी व शेख मुजीबुर रहमान यांनी मैत्री, सहकार्य आणि शांतता यांच्या तहावर सह्या केल्या. बारा कलमे, पंचवीस वर्षांची मुदत. एकमेकांवर आक्रमण करायचे नाही, एकमेकांच्या शत्रूला थारा द्यायचा नाही, कला, साहित्य, शिक्षण, क्रीडा, आरोग्य अशा सर्व क्षेत्रांत संबंध वाढवायचे, असे सगळे त्यात होते. १९९७ च्या मार्चमध्ये त्याची मुदत संपली. दोन्हीपैकी एकाही सरकारने ती वाढवून घेतली नाही, आणि तह संपला म्हणून सामान्य माणसाच्या घरात काही अडले असेही झाले नाही.

दुसरा करार १६ मे १९७४ चा, दिल्लीत झालेला. सह्या त्याच दोघांच्या. त्याचा विषय जमिनीची हद्द. हा मजकूर वाचायला अगदी नीरस आहे. अमुक नदीच्या मध्यप्रवाहाने रेषा जाईल, अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत मोजणी होईल, असली वाक्ये. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला मात्र ही भाषा परकी वाटू नये. आमच्या गावात दोन भाऊबंदांत समेट होतो तेव्हा गळाभेट सगळ्यांना दिसते. पण मोजणी होऊन बांधावर दगड रोवले गेल्याशिवाय त्या समेटावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या १९७४ च्या करारात एक वाक्य छिटमहलांविषयी आहे. छिटमहल म्हणजे एका देशाच्या जमिनीचा असा तुकडा, की ज्याच्या चारी बाजूंना दुसरा देश आहे. बांगलादेशाच्या पोटात भारताचे असे १११ तुकडे होते, भारताच्या पोटात बांगलादेशाचे ५१. भारताच्या बाजूला कूचबिहार, पलीकडे लालमोनिरहाट, पंचगड, कुडीग्राम, नीलफामारी हे जिल्हे. शाईची बाटली नकाशावर सांडून शिंतोडे उडावेत तशी ही रचना. काही तुकड्यांच्या पोटात पुन्हा तुकडे होते. दहाला खाग्राबारी नावाचे एक शेत तर भारताचे होते, ते बांगलादेशाच्या तुकड्यात होते, तो तुकडा भारताच्या तुकड्यात होता आणि तो बांगलादेशात होता! या भारतीय शेताचे क्षेत्र पावणेदोन एकरांच्या आसपास.

हे असे का झाले याची एक दंतकथा सांगतात. कूचबिहारचे राजे आणि रंगपूरचे फौजदार बुद्धिबळ खेळत आणि गावे पणाला लावत, म्हणे. गोष्ट रंजक आहे, म्हणूनच ती टिकली असावी. अभ्यासक सांगतात ते साधे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहार यांची लढाई तहाने थांबली तेव्हा ज्याच्या ताब्यात जे गाव होते ते त्याच्याकडे राहिले, मग ते कोणाच्याही मुलखात असो. त्या काळी यात विशेष अडचण नव्हती. महसूल एकाला द्यायचा आणि बाजाराला दुसऱ्याच्या गावी जायचे, एवढेच. पुढे १९४७ साली रंगपूर पूर्व पाकिस्तानात गेले, १९४९ साली कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले, आणि जुन्या वहिवाटीची हद्द एका रात्रीत आंतरराष्ट्रीय सीमा झाली.

१९५२ साली दोन्ही देशांत पासपोर्ट आणि व्हिसाची पद्धत आली आणि पेच पूर्ण झाला. छिटमहलातल्या माणसाला आपल्या देशात जायचे तर भोवतालचा परदेश ओलांडायला हवा. त्यासाठी व्हिसा हवा. व्हिसा मिळण्यासाठी आपल्या देशातल्या शहरात जायला हवे. आणि तिथे जायचे तर तो परदेश विनाव्हिसा ओलांडायला हवा! म्हणजे कायदा पाळण्यासाठी आधी कायदा मोडणे आले. बहुतेकांनी तो मोडला, काही तुरुंगात गेले, उरलेले गप्प बसले. या तुकड्यांत ना सरकारी शाळा, ना दवाखाना, ना वीज, ना पोलीसठाणे. चोरी झाली तर तक्रार कोणाकडे करणार? ज्या देशाचे नाव नकाशात लिहिलेले, त्याचा शिपाई तिथे पोहोचू शकत नव्हता. जो देश चारी बाजूंना होता, त्याच्या लेखी ही माणसे परकी होती.

शाळेची गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. छिटमहलातले पुष्कळ आईबाप मुलाला भोवतालच्या देशातल्या शाळेत घालताना तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचे नाव बाप म्हणून लावत. पत्ताही त्याचाच. बाळंतपणासाठी सरकारी रुग्णालयात जाणाऱ्या बाईला नवऱ्याच्या जागी दुसऱ्याचे नाव सांगावे लागे. आणि पुढे प्रमाणपत्रावर आयुष्यभर तेच नाव राही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना असे निघाले, की माझ्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक तऱ्हेने आहे आणि रेशनकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. एका वेलांटीचा आणि एका अक्षराचा फरक. तेवढ्यासाठी वडिलांनी चार वेळा मजुरी बुडवली. एका कचेरीतल्या कारकुनाने त्यांना सर्वांसमोर विचारले, "यातला खरा माणूस कोणता?" वडील काही बोलले नाहीत. येताना एस. टी. त सुद्धा बोलले नाहीत. कागदावर एक अक्षर चुकले तर माणसाला एवढे खाली बघावे लागते. मग ज्या बापाला आपले अख्खे नावच मुलाच्या कागदावरून पुसून दुसऱ्याचे लिहावे लागले असेल, त्याने काय केले असेल? परराष्ट्र धोरण हा मोठ्या लोकांचा विषय आहे, आपल्याला त्याचे काय, असे माझ्या काही मैत्रिणी म्हणतात. त्यांना माझे हेच उत्तर आहे.

आता कराराकडे वळू. हा प्रश्न कोणाच्या लक्षातच आला नव्हता असे नाही. १९५८ साली पंडित नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोज खान नून यांनी छिटमहलांची अदलाबदल करायचे ठरवले. त्याच करारात बेरुबारी नावाच्या भारताच्या ताब्यातल्या भागाचा अर्धा हिस्सा पाकिस्तानला द्यायचा होता. बेरुबारीच्या लोकांनी कडाडून विरोध केला, आणि तो मला समजतो. त्यातले कित्येकजण फाळणीत एकदा उठून आलेले होते. त्यांना न विचारता दिल्लीने त्यांची सही परस्पर केली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. १९६० साली न्यायालयाने मत दिले, की देशाचा भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा तर नुसता करार किंवा साधा कायदा पुरेसा नाही, घटनादुरुस्ती हवी. त्याप्रमाणे नववी घटनादुरुस्ती झाली. पण बेरुबारी काही दिली गेली नाही आणि छिटमहलही जिथल्या तिथे राहिले.

१९७४ च्या करारात हा गुंता शहाणपणाने सोडवला होता. बेरुबारी भारताकडे राहील. त्या बदल्यात दहग्राम आणि अंगारपोता हे बांगलादेशाचे छिटमहल त्याच्याकडेच राहतील, आणि तिथे जाण्यासाठी भारत तीनबिघा येथे १७८ मीटर लांब आणि ८५ मीटर रुंद अशी पट्टी कायमच्या भाडेपट्ट्याने देईल. बाकीच्या छिटमहलांची अदलाबदल सत्वर करावी, आणि बांगलादेशाला जास्त जमीन जाते तिची भरपाई मागू नये. माणसाला मान खाली न घालता घेता येईल असा हा तोडगा होता. बांगलादेशाने त्याच वर्षी आपली घटना दुरुस्त करून कराराला मान्यता दिली. भारताने दिली नाही. पुढल्या वर्षी १५ ऑगस्टला मुजीबुर रहमान यांची हत्या झाली, ढाक्यात लष्कर आले, दिल्लीतही सरकारे बदलली. तीनबिघाची पट्टी उघडली ती १९९२ च्या जूनमध्ये, तीही दिवसा आणि एक तासाआड. चोवीस तास उघडी राहायला २०११ साल उजाडले. म्हणजे मधल्या काळात रात्री दहग्राममध्ये कोणी आजारी पडले तर त्याने सकाळपर्यंत कळ काढायची, असा याचा अर्थ. आणि छिटमहलांची अदलाबदल? करारातला 'सत्वर' हा शब्द खरा व्हायला एकेचाळीस वर्षे लागली.

२०११ साली दोन्ही सरकारांनी मिळून पहिल्यांदा या लोकांची शिरगणती केली. माणसे भरली ५१,५४९. त्यात भारताच्या तुकड्यांत ३७,३३४ आणि बांगलादेशाच्या तुकड्यांत १४,२१५. आपल्या देशाने या सदतीस हजारांना स्वातंत्र्यानंतर चौसष्ट वर्षांनी मोजले. त्याच सप्टेंबरात मनमोहन सिंग ढाक्याला गेले आणि जुन्या कराराला जोडून नव्या पुरवणीवर सह्या झाल्या. २०१३ साली घटनादुरुस्तीचे विधेयक राज्यसभेत आले तेव्हा भारतीय जनता पक्ष, आसाम गण परिषद आणि तृणमूल काँग्रेस यांनी त्याला विरोध केला. २०१५ च्या मे महिन्यात मात्र भारतीय जनता पक्षाच्याच सरकारने ते मांडले आणि दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडले नाही. राजकारणी लोकांची मते बदलतात याची आपण थट्टा करतो. या वेळी ती बदलली हे बरेच झाले म्हणायचे. शंभरावी घटनादुरुस्ती ती हीच. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री छिटमहल नकाशावरून गेले. काही गावांत लोकांनी अडुसष्ट वर्षांच्या अडुसष्ट मेणबत्त्या लावल्या.

आता एका आक्षेपाविषयी. आमच्या वर्गात या विषयावर बोलणे निघाले तेव्हा एकाने तावातावाने विचारले, "दहा हजार एकर फुकट देऊन टाकली, याला मैत्री म्हणायचे?" आकडा त्याचा बरोबर आहे. भारताचे १११ तुकडे म्हणजे १७,१६० एकर, बांगलादेशाचे ५१ म्हणजे ७,११० एकर. फरक दहा हजारांवर जातो. जमिनीची किंमत मला कोणी समजावून सांगायला नको; आमच्याकडे ती नाही, म्हणून जरा जास्तच कळते. पण मी असे विचारते, की या जमिनीवर आपले काय होते? तिथून महसूल येत नव्हता. तलाठी जात नव्हता. मतदानाची पेटी जात नव्हती. तिथल्या मुलाला आपण पाटी दिली नाही आणि म्हातारीला औषधाची बाटली दिली नाही. सातबारावर नाव आणि कसणारा दुसराच, अशी जमीन आमच्याही गावात आहे. त्या नावाचा उपयोग मिशीला पीळ देण्यापलीकडे होत नाही. शिवाय याच व्यवहारात सीमेवरच्या ज्या जमिनी एका देशाच्या असून दुसऱ्या देशाचे लोक कसत होते, त्यांचाही निकाल लागला. त्यात भारताला २,७७७ एकर मिळाली आणि २,२६७ एकर गेली. हे दुसरे आकडे त्या मित्राने सांगितले नव्हते. भाषणात ते बसत नसावेत.

या व्यवहारात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. माणसांना विचारले गेले. बेरुबारीच्या वेळी जे झाले नव्हते ते या वेळी झाले. २०१५ च्या जुलैत अधिकारी दारोदार फिरले आणि प्रत्येक कुटुंबाला विचारले, तुम्हांला कोणत्या देशाचे नागरिक व्हायचे? भारतातल्या बांगलादेशी तुकड्यांतून एकानेही बांगलादेश निवडला नाही. बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यांतून हजाराच्या आत माणसे भारतात आली, बाकीची होती तिथेच राहिली आणि तिथली नागरिक झाली. फाळणीच्या वेळी रेषा माणसांवरून गेली होती. इथे माणसांनी आपापली जागा सांगितली आणि रेषा त्यांच्याभोवती फिरली. २०१६ च्या पश्चिम बंगाल विधानसभेच्या निवडणुकीत या गावांनी प्रथमच मत दिले. शंभरी ओलांडलेल्या एका आजोबांनी तेव्हा आयुष्यातले पहिले मत दिल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती.

सगळे गोड झाले असे मात्र मुळीच नाही. जे इकडे आले त्यांना दिनहाटा, मेखलीगंज, हल्दीबारी इथल्या छावण्यांतल्या पत्र्याच्या खोल्यांत काही वर्षे काढावी लागली. त्यांची शेते मागे राहिली. जे जागेवर राहिले त्यांना नागरिकत्व मिळाले, पण कसत्या जमिनीचे कागद हातात पडायला आणखी वाट पाहावी लागली. जमीन या देशातून त्या देशात एका रात्रीत जाते. ती कोणाच्या नावावर चढवायची हे ठरायला वर्षे लागतात. ज्याने कधी फेरफाराची नोंद करून घेतली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

याद्यांचे महत्त्व पाण्याच्या करारांतही दिसते. १२ डिसेंबर १९९६ रोजी गंगेच्या पाण्याचा करार झाला, तीस वर्षांसाठी. फराक्का येथे जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत दर दहा दिवसांचा हिशेब त्यात बांधून दिला आहे. प्रवाह सत्तर हजार क्युसेकपर्यंत असेल तर निम्मे-निम्मे. सत्तर ते पंच्याहत्तर हजार असेल तर बांगलादेशाला पस्तीस हजार आणि उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला चाळीस हजार आणि उरलेले बांगलादेशाला. या करारावरही कुरबुरी झाल्या, पण भांडायला तरी दोघांसमोर एकच कोष्टक होते. तिस्तेचे तसे झाले नाही. २०११ च्या त्याच ढाका भेटीत तिस्तेच्या पाण्याच्या करारावरही सह्या व्हायच्या होत्या. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी विरोध केला आणि तो बारगळला. उत्तर बंगालच्या शेतकऱ्याचे काय, हा त्यांचा प्रश्न टाकाऊ नव्हता. पण कोष्टक नसल्यामुळे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना आश्वासनांवर राहावे लागले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये शेख हसीना यांना देश सोडावा लागला आणि तेव्हापासून दोन्ही देशांत पुष्कळ कडवटपणा आला. अशा वेळी मैत्रीच्या भाषणांचे काय झाले ते आपण पाहिलेच. पण २०१५ साली जो मुलगा खऱ्या बापाच्या नावाने शाळेत गेला, त्याचे नाव त्या कडवटपणामुळे पटावरून खोडले गेले नाही.

आपल्या वादविवाद मंडळाला माझी एक सूचना आहे. 'शेजारधर्म श्रेष्ठ की राष्ट्रहित श्रेष्ठ' असला विषय दर वर्षी असतो. येत्या वर्षी त्याऐवजी असा ठेवावा: 'छिटमहलांच्या अदलाबदलीत भारताने दहा हजार एकरांची भरपाई मागायला हवी होती.' विरुद्ध बाजूने मी बोलेन. अनुकूल बाजूसाठी आमच्या वर्गातल्या त्या मित्राचे नाव मी आजच नोंदवून ठेवते. त्याने मात्र दोन्ही याद्या वाचून यावे.